बंदी फोनवर, की मुलीवर?

आपल्या शाळांत काहीही बिघडले की पहिला उपाय सुचतो तो बंदीचा. मुले उशिरा येतात, मग फाटकाला कुलूप. मुली फार बोलतात, मग मधली सुट्टी कमी. गेल्या काही वर्षांत हा मान मोबाईलला मिळाला आहे. उर्दू माध्यमाच्या कितीतरी शाळांत फाटकावर किंवा ऑफिसच्या भिंतीवर पाटी दिसते, 'मोबाईल लाना सख्त मना है'. पालकसभेत मुख्याध्यापकांनी हेच वाक्य म्हटले की टाळ्या पडतात. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्या अब्बांच्या खिशातला फोन नेमका तेव्हाच वाजतो, ही गोष्ट वेगळी.

मी गेली बारा वर्षे उर्दू माध्यमाच्या मुलामुलींना विज्ञान शिकवते. म्हणून गैरसमज नको, आधीच सांगून टाकते. वर्गात फोन नको, या मताची मीही आहे. शाळेची घंटा झाल्यापासून सुटेपर्यंत मुलांचे फोन बंद असावेत, हे मला मान्य आहे. माझा वाद वेगळा आहे. ही बंदी आपल्या शाळांत कशी राबवली जाते आणि शेवटी ती कोणाच्या डोक्यावर येऊन आदळते, हे कोणी विचारत नाही. ते विचारण्यासाठी हा लेख.

आधी बंदीच्या बाजूने जे खरे आहे ते बोलू. २०१५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका केंद्राने इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम, लंडन, लीस्टर आणि मँचेस्टर या चार शहरांतील ९१ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर बंदी घातल्यानंतर सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले, असे त्यात दिसले. पण सगळ्यांचे सारखे वाढले नाहीत. वर्गात जी मुले आधीच पुढे होती त्यांना बंदीने काहीच फरक पडला नाही. सर्वांत जास्त फायदा झाला तो मागे पडलेल्या मुलांचा.

हा निष्कर्ष आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या वर्गांत मागे पडलेली मुलेच जास्त असतात. घरात शिकणारी ही पहिली पिढी. अब्बा यंत्रमागावर, रिक्षावर नाहीतर आखातात. अम्मीला मुलाच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येतेच असे नाही. ट्यूशनची फी परवडत नाही. या मुलाच्या वाट्याला शिक्षण म्हणून जे काही आहे ते शाळेतले पाच तास. मांडीवर लपवलेला फोन थरथरला की हुशार मुलाचे लक्ष जाते आणि परत येते. ज्याला अपूर्णांकच अजून कळले नाहीत, त्याचे गेलेले लक्ष त्या दिवशी परत येत नाही. म्हणून 'युग बदलले आहे, मुलांच्या हातात फोन राहू द्या' असे जे लोक सांगतात, त्यांना माझे उत्तर सरळ आहे. तुमच्या मुलांना परवडेल, आमच्या मुलांना परवडणारे नाही.

जगही याच दिशेने चालले आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळांतला फोन बंद केला. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून वर्गातून फोन हटवला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे २०२४ संपताना जगातल्या ७९ शिक्षणव्यवस्थांत, म्हणजे जवळजवळ ४० टक्के ठिकाणी, अशी काही ना काही बंदी होती. तेव्हा बंदी मागणारे मुख्याध्यापक मागासलेले आणि विरोध करणारे आधुनिक, अशी सोपी वाटणी करण्यात अर्थ नाही.

पण बंदीकडून आपण अपेक्षा किती ठेवायची? आपल्याकडे असे बोलले जाते की फोन बंद केला म्हणजे मुले सुधारलीच. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये ३० शाळांतील बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. कारण साधे आहे. शाळेत वाचलेला वेळ मुले घरी भरून काढतात. दिवसाचे उरलेले अठरा-एकोणीस तास मूल आपल्या घरात असते, आणि तिथे पाटी कोणी लावत नाही.

याबाबतीत महाराष्ट्रातलीच दोन गावे पाहण्यासारखी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनापासून एक रिवाज सुरू केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे. पण फरक लक्षात घ्या. वडगावात भोंगा वाजला की बापही फोन ठेवतो. बांशीच्या ठरावात बापाचे नाव नाही. आपल्या शाळा आणि आपली घरे बांशीच्या वाटेने चालली आहेत. तासाला खुर्चीत बसून व्हॉट्सॲप चाळणारे सर त्याच वर्गातल्या मुलाचा फोन हिसकावून घेतात, तेव्हा ते मूल शिस्त शिकत नाही. ज्याच्या हातात सत्ता त्याच्या हातात फोन, एवढेच ते शिकते.

आता मुख्य मुद्दा. बंदी सगळ्यांना सारखी लागत नाही. आमच्या शाळेच्या परिसरात असे कित्येक वर्षे चालत आले आहे. मुले येताना फोन समोरच्या पानपट्टीवर ठेवतात. पानवाला पाच रुपये घेतो आणि सुटल्यावर फोन परत देतो. पानपट्टीवर मुलगी उभी राहू शकत नाही. तिचा फोन दप्तरातच राहतो, आणि झडतीत सापडतो तो तिचाच. मग स्टाफरूममध्ये निष्कर्ष निघतो की हल्लीच्या मुली बिघडल्या.

हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. न्यूयॉर्क शहरात २००६ पासून शाळांतली फोनबंदी कडकपणे राबवली गेली. ज्या गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे होती तिथे फोन पकडले जात. म्हणून तिथली मुले शाळेबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत रोज एक डॉलर देऊन फोन ठेवत. जिथे यंत्रे नव्हती तिथली मुले खिशात फोन घेऊन आत जात आणि कोणी काही बोलत नसे. नियम एकच होता, पण भाडे भरत होता तो गरीब. २०१५ मध्ये ती बंदी उठवावी लागली. सप्टेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क राज्याने पुन्हा बंदी आणली आहे, आणि या वेळी घंटा ते घंटा. पण मधल्या काळात ते काही शिकले. नव्या कायद्यात शाळेने फोन ठेवायची सोय करायची आहे, पालकांना मुलाशी संपर्क साधण्याचा रस्ता द्यायचा आहे, आणि केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करायचे नाही. आपल्या शाळांत बंदी आहे, आणि या तीनपैकी एकही गोष्ट नाही.

तिसरी गोष्ट नसल्याने काय होते, ते मी पाहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्या शाळेत होते तिथे नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात फोन सापडला. मोठ्या भावाने टाकून दिलेला, काच तडकलेला. ऑफिसमध्ये क्लार्क आणि शिपाई बसलेले असताना एका सरांनी तो उघडून पाहिला. आत मैत्रिणीच्या वहीतल्या आकृत्यांचे फोटो होते, काही गाणी होती आणि एका मुलाच्या नावाने आलेला 'ईद मुबारक'चा संदेश होता. तो मुलगा तिच्या सख्ख्या मामूचा. पण हे विचारण्याआधीच तिच्या अब्बांना कारखान्यातून बोलावणे गेले होते. ते आले, एक शब्द बोलले नाहीत, फोन खिशात घातला आणि मुलीला घेऊन गेले. आठ दिवसांनी दाखला न्यायला आले. कारणाच्या रकान्यात लिहिले गेले, 'पालकाच्या इच्छेनुसार'. मी स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा उत्तर मिळाले, "टीचर, आप नई हैं, यहाँ का माहौल आपको मालूम नहीं." त्याच आठवड्यात तीन मुलांचेही फोन पकडले होते. त्यांना प्रत्येकी पन्नास रुपये दंड झाला आणि फोन परत मिळाले. मुलाचा गुन्हा पन्नास रुपयांचा, आणि मुलीचा तिच्या तालीमएवढा.

कोणी म्हणेल, ही एक घटना झाली. मग आकडे पाहा. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी आहे. सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलांकडे आहे आणि मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के आहे. म्हणजे घरातला फोन मुलाच्या हातात आधी जातो, आणि बंदीची वेळ आली की मुलीच्या हातातून आधी निघतो. ही एका जमातीची गोष्ट नाही. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींना मोबाईल बंद केला. मोडेल तिला २१०० रुपये दंड, आणि खबर देणाऱ्याला २०० रुपये बक्षीस. मुलांसाठी काही नियम नव्हता. तेव्हा आपल्या मोहल्ल्यात हे मजहबच्या नावावर चालते आणि दुसरीकडे परंपरेच्या नावावर, एवढाच काय तो फरक.

माझ्या सहकाऱ्यांचे याला एक उत्तर असते. मुलींना धोका जास्त आहे, म्हणून काळजी जास्त. धोका आहेच, मी नाकारत नाही. अनोळखी माणसे गोड बोलून फोटो मागतात, मग तेच फोटो दाखवून धमकावतात. आता तर साध्या फोटोवरूनही खोटे चित्र तयार करता येते. पण अशा मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिला कोणी धमकावत असेल तर तिने कोणाला सांगायचे? टीचरला सांगितले तर पहिला प्रश्न येणार, तुझ्याकडे फोन आलाच कसा? अब्बांना सांगितले तर फोन जाईल आणि त्याच्या मागोमाग शाळाही जाईल. हे तिला माहीत असते. धमकावणाऱ्यालाही ते पक्के माहीत असते, आणि त्याची सगळी ताकद त्यातच असते. ज्या बंदीमुळे मुलीचे तोंड बंद होते ती बंदी गुन्हेगाराच्या कामाची आहे. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक किती शाळांच्या भिंतीवर लिहिलेले आहेत? 'सख्त मना है'च्या पाटीखाली एवढी जागा नक्की असते.

आणि कोरोनाचे दिवस इतक्या लवकर विसरलो का आपण? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जो फोन कालपर्यंत शैतानाचे खेळणे होता तो एका रात्रीत फळा झाला. आम्हीच घरोघर फोन करून पालकांना सांगितले, मुलांसाठी स्मार्टफोन घ्या, रिचार्ज करा, ग्रुपमध्ये सामील व्हा. पण घरात फोन एक, तो अब्बांच्या खिशात, आणि अब्बा रात्री दहाला परत येणार. तो आला की आधी भाईजानचा नंबर, मग उरलेल्या बॅटरीवर मुलीचा. शाळा उघडल्यावर कित्येक मुली आल्याच नाहीत. त्या वेळी फोन नसल्याने मुलींचे शिक्षण थांबले, आणि आता फोन सापडल्याने थांबते.

उर्दू माध्यमाच्या मुलांचा आणखी एक प्रश्न आहे. मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या मुलाला दुकानात गाईड मिळते, मार्गदर्शक मिळते, सार्वजनिक वाचनालय मिळते. उर्दूतून विज्ञान शिकणाऱ्या मुलीने जादा वाचायचे म्हटले तर पुस्तक कुठे आहे? बालभारतीची उर्दू पाठ्यपुस्तके फोनवर फुकट उतरवून घेता येतात. रेख्ताच्या संकेतस्थळावर उर्दू किताबांचा खजिना आणि शब्दकोश आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. ज्या मोहल्ल्यात वाचनालय नाही तिथे हेच वाचनालय. म्हणून वर्गाबाहेरही मुलीला फोन नको म्हणणाऱ्यांनी आधी वाचनालय काढून द्यावे आणि मग बोलावे.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. केरळमध्ये फहीमा शिरीन नावाच्या कॉलेजविद्यार्थिनीने मुलींच्या वसतिगृहातला एक नियम मानायला नकार दिला. संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरायचा नाही, असा तो नियम होता. तिला वसतिगृहातून काढले गेले. ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ हायकोर्टाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितले. ती शाळकरी नव्हती, हे खरे. शाळांबद्दल दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले की फोन आणण्यावर सरसकट बंदी योग्यही नाही आणि चालणारीही नाही. जमेल तिथे शाळेने फोन जमा करून घ्यावेत, वर्गात वापरू देऊ नयेत, नियम पालकांशी बोलून करावेत आणि सगळ्यांना सारखे लावावेत. यात कोणत्या पालकाला आक्षेप असेल?

ज्यांना कोर्टापेक्षा दीनची भाषा जवळची वाटते त्यांच्यासाठी दोन शब्द आपल्याच घरचे आहेत. पहिला तजस्सुस. दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी हुडकत फिरण्याला कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे. मुलीच्या फोनमधले फोटो आणि संदेश चारचौघांत उघडून पाहणे हे दुसरे काय आहे? दुसरा शब्द अमानत. मुलीने शाळेत जमा केलेला फोन ही टीचरच्या हातातली अमानत आहे. अमानत उघडून पाहायची नसते, जशी घेतली तशी परत करायची असते. हे आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो आणि त्यानंतरच्या तासाला विसरतो.

मग करायचे काय? फार अवघड काही नाही. प्रत्येक वर्गासाठी एक कुलपाचे कपाट किंवा खणांची पेटी. सकाळी हजेरीच्या वेळी मुले आणि मुली दोघेही फोन बंद करून त्यात ठेवतील, सुटताना घेऊन जातील. शिक्षकांचेही फोन तासाला स्टाफरूममध्ये राहतील. शासनाच्या ॲपवर माहिती भरायची असते हे मला माहीत आहे, ती तासाव्यतिरिक्त भरता येते. जो फोन आणून लपवेल त्याचा फोन त्या दिवसापुरता ठेवून घ्या, पण कोणीही तो उघडायचा नाही. पालकांना बोलवायचे झाले तर आधी मुलीशी वर्गशिक्षिकेने एकटीने बोलावे. कोणत्याही परिस्थितीत फोनसाठी दाखला काढला जाणार नाही, हे शाळेने पालकसभेत सांगावे. मुलीला घरी फोन करायचा असेल तर ऑफिसचा फोन खुला असावा. तो मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कुलपात असतो, आणि एस.टी. चुकलेली मुलगी संध्याकाळी फाटकावर उभी असते. शेवटचे म्हणजे आठवड्याला एक तास, फोन कसा वापरायचा ते शिकवण्यासाठी. अनोळखी माणसाला काय सांगायचे नाही, फोटो कुठे टाकायचा नाही, कोणी धमकावले तर काय करायचे. बी.एड.ला आम्हाला वर्गनियंत्रणाचे धडे दिले होते. त्यात दप्तर झडतीचा धडा नव्हता.

मुख्याध्यापक म्हणतील, कपाटाला पैसे कुठून आणायचे? मागच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या शाली, गुलदस्ते आणि मंडप यांवर जो खर्च झाला त्यात दोन वर्गांची कपाटे आली असती. संस्थाचालकांनी मनावर घेतले तर पुढच्या जूनपर्यंत सगळ्या वर्गांची येतील. आणि पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या पालकसभेत 'मोबाईल सख्त मना है' ऐकून टाळ्या वाजवण्याआधी उभे राहून तीन प्रश्न विचारा. जमा केलेला फोन कुठे ठेवणार? तो उघडणार कोण? आणि सापडल्यावर मुलाला जी शिक्षा तीच माझ्या मुलीला होणार ना? या तीन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर खुशाल टाळ्या वाजवा. मीही वाजवीन.